कोणते इंगळे?

(अमरावती येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



अकोल्याहून अमरावतीला येणाऱ्या एसटीत मूर्तिजापूरपर्यंत शेजारचा माणूस बहुधा गप्प असतो. मूर्तिजापूरला चहा होतो, कुणाच्या तरी पिशवीतून फुटाणे निघतात आणि मग विचारपूस सुरू होते. कुठं चालले, पोरगी कुठं दिली, कपाशीला यंदा काय भाव भेटला. बोलता बोलता आडनाव निघतं. समजा, उत्तर आलं, ‘इंगळे’. की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘कोन्ते इंगळे?’

पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हा प्रश्न लवकर कळत नाही. आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. इंगळे, तायडे, वानखडे ही आडनावं आपल्याकडे कुणब्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखीही एक-दोन समाजांत सापडतात. आडनावावरून पुरता उलगडा होत नाही म्हणून गाव विचारलं जातं. गाव कळलं की ‘गावात घर कोण्या बाजूनं?’ तेही पुरलं नाही तर ‘अमक्या पाटलाचे कोण लागता तुमी?’ चार प्रश्न होतात. चारही गोड आवाजात, फुटाणे पुढं करत. जात हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही, आणि बडनेरा यायच्या आत जात कळलेली असते.

संयोजकांनी मला विषय दिला तो ‘सामाजिक मानसशास्त्रातलं संशोधन आणि त्याचा प्रभाव’ असा. मी पुस्तकांची आणि सिद्धांतांची यादी वाचणार नाही. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका संशोधकाचा एक प्रयोग मी आज घेणार आहे. त्या प्रयोगामागं, माझ्या मते, पंचवीस वर्षांच्या एका तरुणानं १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये वाचलेला निबंध उभा आहे. आणि या दोहोंच्या मध्ये, माझ्यापुरता, ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्या माझ्या सरांनी मला विचारलेला एक प्रश्न आहे. त्या प्रश्नाबद्दल मी आजवर चारचौघांत बोलले नव्हते.

सरांकडे मी मानसशास्त्र शिकले तेव्हा पूर्वग्रह हे प्रकरण ते ला पिएरच्या प्रयोगापासून सुरू करत. रिचर्ड ला पिएर हा अमेरिकेतला समाजशास्त्रज्ञ. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी जोडप्याबरोबर त्यानं मोटारीतून देशभर प्रवास केला. चिनी लोकांविषयी तिथं त्या काळी उघड तिटकारा होता. तरी अडीचशे हॉटेलं आणि खाणावळी पालथ्या घातल्या त्यांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी ला पिएरनं त्याच ठिकाणांना पत्र लिहून विचारलं, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? ज्यांची उत्तरं आली त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी लिहिलं, नाही घेणार. हा निबंध १९३४ साली छापून आला आणि आमच्या विषयातली एक जुनी खात्री मोडली. माणूस प्रश्नावलीत जे लिहितो ते त्याच्या वागण्यात उतरेलच असं नाही, हे त्यानंतर कुणाला नाकारता आलं नाही.

सर हा प्रयोग सांगून थांबत आणि म्हणत, ‘आता आपल्याकडे हा उलटा करून पाहा.’ अमेरिकेतल्या हॉटेलवाल्यानं कागदावर नाही म्हटलं आणि दारात आलेल्या माणसाला जागा दिली. आपल्याकडे कागदावर कुणी नाही म्हणत नाही. दारातही म्हणत नाही. ‘खोली कालच गेली हो’ असं म्हणतात. मग नकार शोधायचा कुठं? तेव्हा आम्ही विद्यार्थी वहीत हे लिहून घेत असू. त्याचं उत्तर काय, असं विचारायचं कुणाला सुचलं नाही.

ते उत्तर ज्यांनी मिळवलं त्या सुखदेव थोरात यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचा, सन १९४९. महिमापूर म्हटलं की आपल्याला सात मजली पायविहीर आठवते. मला, हे व्याख्यान लिहायला बसल्यापासून, हा माणूस आठवतो. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात ते शिकले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली सुरू केलेलं ते महाविद्यालय. पुढं दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. ते अर्थशास्त्रज्ञ आहेत, मानसशास्त्रज्ञ नव्हेत, हे मला माहीत आहे. पण पूर्वग्रह मोजायचं काम ज्यानं केलं तो आमचा. सरांनीही असंच म्हटलं असतं.

काळ होता २००४-०५चा. खासगी क्षेत्रात आरक्षण असावं का, यावर देशभर वाद पेटला होता. उद्योगपतींचं म्हणणं एकसुरी होतं : आमच्याकडे जात कुणी विचारत नाही, आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. हे खरं की खोटं, ते मुलाखती घेऊन ठरण्यासारखं नव्हतं. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी त्याच सुमारास दिल्लीत पंचवीस मनुष्यबळ व्यवस्थापकांशी सविस्तर बोलून पाहिलं. सगळे एकमुखानं गुणवत्तेच्या बाजूनं बोलले. त्याच संभाषणांत ते हेही सांगत होते की उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी आम्ही आवर्जून विचारतो : वडील काय करतात, घर कसं आहे, वाढलात कुठं. मला हे वाचताना मूर्तिजापूरची एसटी आठवली. वातानुकूलित खोलीत, इंग्रजीत, तोच प्रश्न : कोन्ते इंगळे?

थोरात आणि न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी कुणाला काही विचारलंच नाही. ऑक्टोबर २००५पासून ६६ आठवडे ते इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिराती गोळा करत राहिले. खासगी कंपन्यांतल्या, पदवीधरांसाठीच्या, सुरुवातीच्या पायरीवरच्या नोकऱ्या. प्रत्येक जाहिरातीला त्यांनी टपालानं अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, भाषा सारखी. फरक फक्त नावात. काही नावं सवर्ण हिंदू वाटतील अशी, काही दलित वाटतील अशी, काही मुस्लिम. ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज गेले. मग वाट पाहायची. कुणाला फोन येतो, कुणाला मुलाखतीचं पत्र येतं, कुणाला काहीच येत नाही, हे नोंदत राहायचं.

निकाल २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. सवर्ण नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची संधी एक धरली, तर तेवढ्याच पात्रतेच्या दलित नावाला ती ०.६७ होती आणि मुस्लिम नावाला ०.३३. म्हणजे दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश.

हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे तेव्हा मुलं लगेच वहीत उतरवत. मी त्यांना थांबवत असे. ०.६७चा अर्थ आधी नीट लावा, म्हणायची. असा विचार करा, हे अर्ज खरे असते आणि पाठवणारा एक खरा मुलगा असता, तर त्याला काय कळलं असतं? काहीच नाही. त्यानं दहा अर्ज केले, एक बोलावणं आलं, नऊ ठिकाणांहून काही आलं नाही. शेजारच्या मुलालाही दहापैकी आठ ठिकाणांहून काही आलं नसेल. आपण कमी पडलो, इंग्रजी कच्चं आहे, नशीब नाही, असंच तो म्हणणार. ज्या कंपनीत अर्ज बाजूला पडला तिथल्या माणसालाही कळत नाही. त्यानं गठ्ठा चाळला, दोन-तीन कागद वर काढले, बाकीचे राहिले. त्यानं मनात ‘हा दलित आहे, नको’ असं म्हटलेलंही नसेल. दोघांपैकी कुणापाशीच पुरावा नाही. ४,८०८ अर्ज एकत्र ठेवले तेव्हाच तो दिसला.

आता सरांचा प्रश्न.

१९९४ सालचा जून. अकोल्यात आमच्या घराची वरची खोली रिकामी झाली होती. कृषी विद्यापीठात प्रवेश मिळालेला एक मुलगा विचारायला आला. पायात धुळीच्या चपला, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. बोलायला नम्र. मी नाव विचारलं. त्यानं सांगितलं. आडनाव तायडे. मी त्या वेळी सात वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत होते. पूर्वग्रहाचं प्रकरण त्याच वर्षी दोन तुकड्यांना शिकवून झालं होतं. आणि मी त्या पोराला विचारलं, ‘कोणते तायडे?’

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मॅडम, खोली पाहून घेऊ का?’ मी खोली दाखवली. त्यानं खिडकी उघडून पाहिली, भाडं विचारलं, ‘कळवतो’ म्हणाला आणि गेला. परत आला नाही.

चार-आठ दिवसांनी मी हे सरांना सांगितलं, तेही गाऱ्हाणं म्हणून. आजकालची पोरं येतो म्हणतात आणि येत नाहीत. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्यानं काय सांगितलं असतं तर तू खोली दिली असतीस? आणि काय सांगितलं असतं तर दिली नसतीस?’

मी म्हटलं, सर, मी सहज विचारलं होतं.

सर म्हणाले, ‘मी सहज की मुद्दाम ते विचारत नाहीये. मी उत्तरं विचारतोय.’

मला उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. तेव्हा वाटलं होतं की लाज वाटली म्हणून बोलता आलं नाही. आता वाटतं, मला खरोखरच माहीत नव्हतं. त्यानं कोणतंही उत्तर दिलं असतं तरी मी खोली दिली असती, अशी मी स्वतःची समजूत घालू शकते. पण तसं होतं तर मी विचारलं कशाला? ज्या प्रश्नाच्या उत्तरानं काही बदलणार नसतं तो प्रश्न माणूस विचारत नाही. त्या दिवशी माझ्या दारात एकच मुलगा आला होता, एकाच नावाचा. दुसऱ्या नावाचा, त्याच चपला घातलेला, तीच पिशवी हातात असलेला मुलगा आला असता तर मी काय केलं असतं, हे कळायला मला दोन्ही मुलं हवी होती. थोरात-अॅटवेल यांनी नेमकं तेच केलं. सरांनी मला तोंडी विचारलेला प्रश्न त्यांनी अकरा वर्षांनी ५४८ जाहिरातींना टपालानं विचारला.

मी ‘कोणते’ असं का विचारलं, याचा मी पुष्कळ विचार केला. घरात कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. पण सासूबाई विचारत. शेजारच्या काकू विचारत. माहेरी वडील विचारत, आणि वडील स्वभावानं अतिशय प्रेमळ होते. सगळी भली माणसं विचारत होती, म्हणून मीही विचारलं. इथं मला १९१६चा तो निबंध वाचावा लागला, आणि तो मी विद्यार्थीदशेत वाचायला हवा होता.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातींची यंत्रणा, उगम आणि विकास हा त्याचा विषय. दुसऱ्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. त्या निबंधात ते म्हणतात की कुणी एक मनू जात लादू शकत नाही. एवढ्या मोठ्या समाजावर एक माणूस नियम लादेल, हे त्यांना पटत नाही. मग जात पसरली कशी? एका वर्गानं आपली दारं आतून लावून घेतली. विवाह आपल्यातच, बाहेर नाही. आणि बाकीच्यांनी? याची दोन कारणं ते देतात, एक मानसिक आणि एक यांत्रिक. यांत्रिक कारण सोपं : एकानं दार लावलं की बाकीचे आपोआप बाहेर राहतात. मानसिक कारण म्हणजे अनुकरण.

इथं ते गाब्रिएल तार्द या फ्रेंच विचारवंताचा आधार घेतात. तार्द सार्लात गावचा न्यायाधीश. कोर्टातल्या खटल्यांतून माणसाचं वागणं पाहता पाहता त्यानं १८९०मध्ये ‘अनुकरणाचे नियम’ हा ग्रंथ लिहिला. अनुकरण वरून खाली वाहतं, आणि जितकं अंतर कमी तितकं ते दाट, असं त्याचं म्हणणं. पुढं समाजशास्त्रज्ञ द्युर्केमच्या छायेत तो जवळजवळ शंभर वर्षं झाकोळून गेला. पण १९०८ साली अमेरिकेत सामाजिक मानसशास्त्रावर एडवर्ड रॉस यांचं जे पहिलं पुस्तक निघालं ते तार्दच्या पायावर उभं होतं. म्हणजे आमच्या विषयाच्या अगदी मुळाशी असलेली कल्पना आंबेडकरांनी उचलली आणि भारतावर तपासली.

आणि तपासली कशी, ते पाहा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचा त्यांनी माग काढला. ब्राह्मणांच्या सर्वांत जवळ असलेल्या जातींनी तिन्ही उचलल्या. त्याहून थोड्या दूर असलेल्यांनी वैधव्य आणि बालविवाह. आणखी दूर असलेल्यांनी फक्त बालविवाह. आणि सर्वांत दूर असलेल्यांनी केवळ जातीवरचा विश्वास. ही मांडणी मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा चकित होते. अंतर आणि अनुकरण यांचं नातं त्यांनी मोजता येईल अशा रूपात ठेवलं आहे. पंचवीस वर्षांचा विद्यार्थी परदेशात बसून हे करतो. आमच्या विषयात याला गृहीतक आणि त्याची पडताळणी म्हणतात.

मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना एम. एन. श्रीनिवास यांची ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना पाठ केली होती. १९५२च्या त्यांच्या ग्रंथानं ती रूढ केली. खालच्या जाती वरच्यांच्या चाली उचलतात, हे तिचं सूत्र. प्रश्नपत्रिकेत दर दोन वर्षांनी यायचं. छत्तीस वर्षं आधी हीच प्रक्रिया तार्दच्या नियमांनिशी कुणी मांडली होती, हे मला एकाही पाठ्यपुस्तकानं सांगितलं नाही. संशोधनाचा प्रभाव मोजायचा म्हणून आज आपण किती लोकांनी उल्लेख केला याचे आकडे मांडतो. त्या हिशेबानं १९१६चा निबंध कित्येक दशकं जवळजवळ नसल्यातच जमा होता. दलित वस्त्यांतल्या वाचनालयांत तो वाचला जात होता, बाबासाहेबांच्या लेखनाच्या खंडांत पुन्हा छापला जात होता, पण विद्यापीठांच्या यादीत नव्हता. मग त्याचा प्रभाव कमी होता का? मिलिंद महाविद्यालयात तेव्हा ज्या पिढीनं शिक्षण घेतलं तिच्यापर्यंत तो कसा पोचला असेल, याचा विचार केला की उल्लेखांच्या आकड्यांवरचा माझा विश्वास डळमळतो.

या निबंधानंतर अकरा वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, आंबेडकर याच अमरावतीत होते. इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली होती आणि ते तिचे अध्यक्ष होते. प्रश्न अंबादेवीच्या मंदिराच्या दाराचा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. पंजाबराव देशमुख त्या लढ्याच्या बाजूनं उभे राहिले, आणि पुढं जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. आंबेडकरांनी ज्या बंद दारांविषयी न्यूयॉर्कमध्ये सिद्धांत मांडला होता, त्यांतलं एक खरंखुरं दार या गावात होतं. सिद्धांत आणि दार इतकं जवळ आलेलं मला दुसरीकडे फारसं दिसत नाही.

मंदिराचं दार दिसतं. विहिरीवरची बंदी दिसते. २००६ साली प्रसिद्ध झालेलं, थोरात ज्याचे एक लेखक आहेत असं ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवरचं पुस्तक आहे. अकरा राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर ते उभं आहे. त्यात जिथं दलितांना इतरांच्या घरात प्रवेश नाकारला जातो अशी गावं ७३ टक्के निघाली, आणि जवळपास निम्म्या गावांत पाणवठ्यावर अडवणूक होती. ही दारं मोजता येतात, कारण गावात उभं राहिलं की ती डोळ्यांना दिसतात. शहरातलं, नोकरीतलं, भाड्याच्या खोलीचं दार दिसत नाही. ते उघडंच असतं, आणि आतून कुणीतरी अतिशय आदबीनं ‘कोणते?’ असं विचारतं. अर्ज-प्रयोगाचं मोल मला इथं वाटतं.

या प्रयोगाच्या मर्यादा मी लपवणार नाही, सरांनी लपवू दिल्या नसत्या. तो फक्त पहिली पायरी पाहतो. बोलावणं आल्यावर मुलाखतीत काय झालं, पगार किती ठरला, बढती कधी मिळाली, याविषयी तो मुका आहे. तो इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा आहे, आणि आपल्याकडच्या किती नोकऱ्या जाहिरातीतून मिळतात? जिनिंगमधली, बाजार समितीतली, दुकानातली नोकरी ओळखीनं मिळते. तिथं अर्जच नसतो, तर नाव बदलायचं कुठं? शिवाय निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत. अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत असाच प्रयोग केला, तो २००९ साली छापून आला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत त्यांना जातीवरून फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत आढळला. जिथं माणसाचं बोलणं-चालणं हाच माल असतो तिथं नाव पाहिलं जातं आणि जिथं हातातलं कौशल्य सरळ तपासता येतं तिथं कमी पाहिलं जातं, असा त्याचा अर्थ लावता येईल. मी तो लावते, पण शपथेवर सांगणार नाही.

आणखी एक अडचण खास आपली आहे. अर्ज-प्रयोग नावावर चालतो. नाव वाचताक्षणी जात कळली पाहिजे. वऱ्हाडात इंगळे लिहून भागत नाही. पण पहिल्या नावाकडे पाहा. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि वऱ्हाडातल्या घराघरांत पोरांची नावं बदलली. सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, प्रज्ञा, सुजाता. २०११च्या जनगणनेत अकोला जिल्ह्यात बौद्ध सुमारे १८ टक्के आहेत. जुन्या कचरू-धोंडूतून सुटका म्हणून आईबापांनी ही नावं हौसेनं, अभिमानानं ठेवली. आणि ज्या नावानं अपमान पुसायचा होता तेच नाव अर्जावर वाचणाऱ्याला खूण पटवून देतं. सिद्धार्थ इंगळे असं लिहिलं की ‘कोणते?’ विचारायची गरज उरत नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं आपल्या मुलाचं नाव मुद्दाम असं ठेवलं की त्यावरून काही कळू नये. तो मला हे सांगत होता तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. मी त्याला काही म्हटलं नाही.

खूण पटली की त्याचा परिणाम ज्याला ओळखलं त्याच्यावर काय होतो? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी २००३च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवली तेव्हा दलित मुलांची कामगिरी खाली आली. मुलं तीच, कोडी तीच.

मी शाळेत होते तेव्हा दरवर्षी जुलैत वर्गशिक्षक शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन येत आणि म्हणत, ‘मागासवर्गीयांनी हात वर करा.’ त्यांचा हेतू फॉर्म वाटण्याचा होता. आमच्या बाकावरची मुलगी हात अर्धा वर करायची, कोपरातून वाकवून. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती. दहावीनंतर ती कुठं गेली मला माहीत नाही. हॉफ आणि पांडे यांचा निबंध वाचला त्या रात्री मला तो कोपर आठवला, आणि पाठोपाठ आमची वरची खोली आठवली. मी ‘कोणते?’ विचारल्यावर तो तायडे आडनावाचा पोरगा जो क्षणभर थांबला होता, त्या क्षणात त्याच्या आत काय झालं असेल? पुढं परीक्षेला बसताना, मुलाखतीला जाताना असे किती क्षण त्याच्या खिशात जमा झाले असतील?

थोरातांनी पुढं सहकाऱ्यांबरोबर दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांवर असाच प्रयोग केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन घर मागायचं, फक्त नाव बदलायचं. सवर्ण नावाला क्वचितच नकार, दलित नावाला अधिक, मुस्लिम नावाला सर्वांत अधिक. शिवाय ज्यांना घर मिळालं त्यांतल्या काहींना अटी कडक, भाडं जास्त. ही पद्धतही कुणीतरी कुणाकडून तरी उचललेलीच आहे. इंग्लंडात साठच्या दशकाच्या अखेरीस ती नोकऱ्यांसाठी वापरली गेली, २००४ साली बॉस्टन आणि शिकागोतल्या अर्जांवरचा अमेरिकेतला निबंध गाजला, मग दिल्ली. तार्दनं म्हटलं होतं की अनुकरण पसरत जातं. ‘कोणते?’ हा प्रश्न जसा सासूबाईंकडून माझ्याकडे आला तशीच तो प्रश्न पकडायची युक्तीही एका संशोधकाकडून दुसऱ्याकडे जाते. ती वऱ्हाडात मात्र, माझ्या माहितीप्रमाणे, अजून आलेली नाही, आणि हे मला खुपतं. ज्या मातीतून हा संशोधक गेला तिथं त्याचा प्रयोग कुणी करून पाहू नये?

म्हणून सरांच्या विद्यार्थ्यांपैकी आम्ही तिघं-चौघं मिळून एक छोटं काम हाती घेत आहोत. अमरावतीत दरवर्षी हजारो पोरं शिकायला, स्पर्धा परीक्षांच्या तयारीला येतात. विद्यापीठाच्या आसपास, कॅम्पात, राजापेठेकडे खोल्या शोधतात. ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्यांवरच्या नंबरांना आम्ही दोन-दोन फोन लावणार आहोत. एका नंबराला दोन्ही वेळा आवाज एकच, मजकूर एकच, आडनावही एकच. दोन्ही फोनमध्ये इंगळेच. पहिलं नाव मात्र वेगळं. आणि घरमालकानं ‘कोणते इंगळे?’ असं विचारलं तर ते आम्ही वेगळ्या रकान्यात नोंदवू. विचारलं की नाही. विचारलं तर कितव्या वाक्याला. त्यानंतर आवाज बदलला का.

घरमालकांना न सांगता हे करणं नैतिक आहे का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली आणि अजून संपलेली नाही. कुणाचं नाव, नंबर, घर कुठंही नोंदवायचं नाही, फोन दोन मिनिटांपेक्षा जास्त लांबवायचा नाही, खोली अडवून ठेवायची नाही, एवढं ठरलं आहे. आमच्यातल्या एकाचं म्हणणं असं की इतकं करूनही ही फसवणूकच आहे. त्याचं म्हणणं मला मान्य आहे. मी त्याला एवढंच म्हटलं की १९९४ साली माझ्या दारात कुणी अशी फसवणूक केली असती तर सरांना मी काय उत्तर देणार, हे मला आज माहीत असतं.

फोन करायला दोन आवाज लागतील, एक मुलाचा, एक मुलीचा. अजून कुणी ठरलेलं नाही. या सभागृहातल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर बाहेरच्या टेबलावर नाव लिहून जावं. फक्त पहिलं नाव पुरेसं आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू होतील, पाट्या लागतील, तेव्हा पहिला फोन लावायचा आहे.